हा माणूस दिवसभर करतो काय?

माझ्या पहिल्या कादंबरीचं बाड संपादकांकडून परत आलं, तेव्हा तीन दिवस मी ते उघडलंच नाही. कपाटावर ठेवून दिलं. 'साभार परत' आलं असतं तर एक वेळ सोपं होतं. त्यांना काही कळत नाही, असं म्हणून मोकळं होता येतं. पण पत्रात 'छापायची आहे, पण' असं होतं आणि त्या 'पण'च्या पुढे अकरा पानं होती.

चौथ्या दिवशी धीर केला. सुरुवातीला शिसपेन्सिलीच्या बारीकसारीक खुणा होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, एकाच पानावर तीनदा आलेलं 'अचानक', मेलेली आत्या पुढच्या प्रकरणात चहा करते, असलं काहीबाही. त्याला एक रविवार पुरला. सदतिसाव्या पानाच्या समासात मात्र एकच प्रश्न होता : 'हा माणूस दिवसभर करतो काय?'

हा माणूस म्हणजे माझा नायक, गिरणीकामगार. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतला एक. तो कोकणात गावी येतो आणि ओटीवर बसून राहतो. त्या बसण्यावर मी वीस पानं लिहिली होती. संध्याकाळ, माडांच्या सावल्या, कानात घुमणारा भोंगा, सगळं होतं. मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. (तो कशालाही रडतो, हे मला नंतर आठवलं.)

मला राग आला. संपानं उठवलेला माणूस दिवसभर काय करणार? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की संपाआधी तरी तो काय करायचा हे मला कुठे ठाऊक होतं? कुठलं खातं, कुठली पाळी? 'गिरणीत होता', एवढ्यावर मी अख्खी कादंबरी रेटली होती.

इथे मला 1924 सालचा एक पत्रव्यवहार सांगायलाच हवा. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डनं युरोपातून 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीचं हस्तलिखित न्यूयॉर्कला स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेकडे पाठवलं. तिथले संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी 20 नोव्हेंबरला त्याला पत्र लिहिलं. आधी भरभरून कौतुक आहे, मग हळूच मुद्दे. नायक गॅट्सबी धूसर वाटतो, वाचकाची नजर त्याच्यावर ठरत नाही. त्याच्याकडे पैसा आला कुठून, याची निदान चाहूल लागायला हवी. आणि त्याचं पूर्वायुष्य एकगठ्ठा सांगितलं आहे, ते थोडं थोडं बाहेर यावं.

फिट्झजेराल्डचं उत्तर मला त्या कादंबरीइतकंच आवडतं. तो कबूल करतो, की गॅट्सबी दिसतो कसा आणि कुठल्या धंद्यात आहे, हे मलाच माहीत नव्हतं. पत्र वाचून आधी वाटलं, गॅट्सबीला सोडून द्यावं आणि टॉम ब्यूकॅनन या दुसऱ्या पात्रालाच पुढे आणावं. मग त्यानं माहीतगार माणसाला गाठून त्या काळी गाजलेल्या एका फसवणुकीच्या खटल्याची माहिती काढली. बायकोला, झेल्डाला, बोटं दुखेपर्यंत गॅट्सबीची चित्रं काढायला लावली. आता मी त्याला माझ्या मुलीपेक्षा चांगलं ओळखतो, असं तो लिहितो. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे रोममध्ये बसून त्यानं गॅली प्रुफांवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या कागदांवर, प्रकरणंच्या प्रकरणं नव्यानं लिहिली. खिळे जुळवून झालेल्या मजकुरात एवढी उलथापालथ म्हणजे किती खर्च! तो माझ्या खात्यावर टाका, म्हणाला. 10 एप्रिल 1925 ला पुस्तक बाहेर आलं.

मला चित्रं काढून देणारं कुणी नव्हतं. मी लालबागला गेलो, आमच्या गावचे एक काका चाळीत राहायचे त्यांच्याकडे. साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. पहिल्या भेटीत ते संपाबद्दलच बोलले, आणि ते सगळं मला पुस्तकांतून ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला मी फक्त विचारलं, ''काका, सकाळी उठल्यावर काय करायचात?''

''अरे, आमी बदलीवाले. सातच्या पाळीला गेटावर जाऊन उभं राहायचं. कोन खाडा केला तर आपल्याला काम. नायतर परत घरी.''

किती वर्षं?

''नऊ.''

मी मुकाट्यानं चहा संपवला. नऊ वर्षं रोज पहाटे उठून, आज काम आहे की नाही हे बघायला जाणारा माणूस ओटीवर बसेल कसा? त्याला बसता येणारच नाही! घरी आल्यावर मी ती वीस पानं काढून टाकली. वाईट वाटलं नाही असं नाही, माडांच्या सावल्या खरंच बऱ्या जमल्या होत्या. नव्या खर्ड्यात तो पहाटे उठतो, आंघोळ करतो, इस्त्रीचा सदरा घालून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. गाडी येते, जाते. मग तो परत येतो. एवढंच, तीन पानांत. पण त्यामुळे पुढचं सगळं हललं. बायकोला तो आता वेडा वाटायला लागला, कंडक्टर नावाचं नवंच पात्र आलं आणि शेवट तर सपशेल बदलला.

संपादकांचं सगळंच ऐकलं असं समजू नका. बायकोचं प्रकरण गाळा, ते कथेला थांबवतं, असं त्यांचं म्हणणं होतं. थांबवत होतं, हे खरंच. मी ते गाळलं नाही, उचलून थांब्याच्या प्रसंगाआधी नेलं. नवरा पहाटे उठून कुठे जातो हे तिला कळायच्या आधीच ती आपल्याला भेटली, आणि त्यांची तक्रार मिटली. सूचना चुकीची होती, बोट मात्र नेमकं दुखऱ्या जागी होतं. 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी अशीच लांबलचक पत्रापत्री करत. त्या काळच्या लेखकांनी या सूचनांवर कुरकुर केली असेल तर मी समजू शकतो, पहिले तीन दिवस मीही केलीच.

सात महिन्यांनी नवी संहिता पाठवली. या वेळी अकरा पानं नव्हती, एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ : 'एस.टी. किती वाजता येते?'

सहा दहाला येते. एकशे चारव्या पानावर घातलं आहे.