एकच गिऱ्हाईक

(पहाट. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.)

नागपूरहून तासाभराच्या वाटेवरचं हे जिनिंग, कापसातली सरकी म्हणजे बी वेगळी काढणारा कारखाना. थंडीचे दिवस, पहाटेचे साडेपाच. ट्रॉलीत कापूस, कापसावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर रात्र काढलेला माणूस. फाटक आठला उघडेल. आज भाव काय निघेल, हे या रांगेत कुणालाच ठाऊक नाही.

(शेत. पराटीच्या ओळींतून बायका कापूस वेचताहेत.)

यातलं एकेक बोंड हाताने वेचलेलं आहे. कमरेला ओटा बांधायचा, दोन्ही हात चालवायचे, ओटा भरला की धुऱ्यावरच्या गंजीत रिता करायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात. मजुरी किलोवर मिळते, आणि कापसासारखी हलकी वस्तू किलोभर व्हायला किती वेळ लागतो, ते इथे ओळीने चालत बघावं.

(काटा. ग्रेडरचा हात कापसात.)

फाटक उघडलं. भरल्या गाडीचं वजन होतं, कापूस उतरल्यावर रिकाम्या गाडीचं होतं. या दोन वजनांच्या मध्ये हा हात येतो. ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस ओढून काढतो, दोन चिमटींत धरून धागा ताणतो. ओल किती, पाल्याची पत्ती किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती. अर्धा मिनिट. त्यानंतर तो जो आकडा बोलतो, तो शेतकऱ्याच्या वर्षाचा आकडा असतो.

पुढचं काम यंत्राचं. रूळ फिरतात, सरकी खाली गळते, रुई पलीकडे उडते. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल होतं, ढेप होते. रुई प्रेसमध्ये दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. गाठीवर नंबर पडतो. कुणाच्या वावरातला कापूस होता, ते इथून पुढे कुणी विचारत नाही.

(शहर. रविवारची सकाळ. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली, फळा.)

फळ्यावर खडूने विषय लिहिला आहे: भांडवलशाही लोकशाही आणि कम्युनिस्ट राजवट यांत साम्य आहे का?

जमलेले वीस-पंचवीस जण. कायद्याची एक विद्यार्थिनी आहे, गिरणीत साचे चालवून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, नागपुरातल्याच अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेले एक काका आहेत, आणि पहाटेच्या रांगेतला आपला शेतकरीही आहे. विद्यार्थिनी म्हणते, साम्य शोधणंच चूक. तिथे एकच पक्ष, इथे दर पाच वर्षांनी सरकार बदलता येतं. आजोबा म्हणतात, गिरणीच्या फाटकात शिरलो की पाळी संपेपर्यंत कसली लोकशाही? तिथे भोंगा बोलायचा, आम्ही ऐकायचो. शेतकरी बराच वेळ गप्प असतो. मग म्हणतो, "व्यापारी असो का सरकार असो, काट्यावर भाव तोच सांगते. आपन फक्त ऐकाचं."

हा माहितीपट त्या वाक्यावरून सुरू झाला.

(जुन्या बांधीव फाइली. वर्तमानपत्राची पिवळी पानं.)

आजच्या तरुणांना खोटं वाटेल, पण महाराष्ट्रात तीस वर्षं कापसाला एकच कायदेशीर गिऱ्हाईक होतं. १९७१ साली कायदा झाला आणि १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस विकायचा तो सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी पणन महासंघालाच, आपल्या गावाला नेमून दिलेल्या केंद्रावरच. खासगी व्यापाऱ्याला विकणं हा गुन्हा. खासगी जिनिंगवाले महासंघाच्या कापसाची सरकी काढून द्यायचे, बस्स.

ही योजना कुणा क्रांतीने आणली नव्हती. निवडून आलेल्या विधानसभेने आणली आणि तिला कारण होतं. दिवाळीनंतर कापूस घरात आला की व्यापारी भाव पाडत. दलाल, अडत्या, काटामारी, कडता म्हणून कापलेलं वजन. शेतकऱ्याला हमी हवी होती. सरकारने हमीभाव दिला, हंगामाअखेर नफा उरला तर बोनस दिला. बाहेर भाव पडलेले असत त्या वर्षी ही योजना म्हणजे आधार होता, आणि तो आधार अनुभवलेली माणसं आजही तिचं नाव आदराने घेतात. त्यांना चूक ठरवायला मी बसलेलो नाही.

पण बाहेर भाव चढला की? मग तोच आधार फाटकासारखा बंद व्हायचा. मध्य प्रदेशच्या आणि आंध्रच्या सीमेवर नाके बसायचे. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतःच्या बंडीत घालून रात्री आडवाटेने पलीकडे नेणाऱ्या शेतकऱ्याला तस्कर म्हणत. केंद्रांवर रांगा आठवडाभर हलत नसत, चुकारे महिनोन्‌महिने रखडत. खरेदी करणारा एकच असला की तो उशीर करू शकतो. त्याला सोडून जायला दुसरं दार नसतं.

(नकाशा. मध्य आशिया. आटलेल्या अरल समुद्रातल्या गंजलेल्या बोटी.)

उझबेकिस्तान. इथेही कापसाला पांढरं सोनंच म्हणतात. सोव्हिएत काळात मॉस्कोने आकडा ठरवायचा आणि ताश्कंदने तो पुरवायचा. नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडे वळवलं, अरल समुद्र आटला. शरद ऋतूत शाळा-कॉलेजं ओस पडायची, मुलं वेचणीला. आकडा पुरा होईना तेव्हा कागदावर न पिकलेला कापूस दाखवला गेला. १९८० च्या दशकात ते प्रकरण बाहेर आलं आणि मोठमोठे अधिकारी तुरुंगात गेले.

त्याच्याही आधी, १९३२ साली, सोव्हिएत संघात असा कायदा झाला की सामूहिक शेतातलं धान्य उचलणाऱ्याला दहा वर्षांची कैद, नाही तर मृत्युदंड. कापणी झालेल्या शेतातली पडलेली कणसं वेचणारे गरीबही त्यात सापडले. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईला आपल्या गावात कुणी हटकतसुद्धा नाही. त्या वर्षांतल्या दुष्काळात तिकडे लाखो माणसं उपासमारीने मेली.

आता यातली एक गोष्ट नीट ऐका. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला. लाल झेंडा उतरला. उझबेकिस्तानात कापसाचा सरकारी कोटा मात्र चालूच राहिला, माणसांना सक्तीने वेचणीला नेणंही चालू राहिलं. कोटा रद्द झाला २०२० साली. म्हणजे कम्युनिझम गेल्यावर जवळजवळ तीस वर्षं तेच गिऱ्हाईक, तोच काटा.

(नागपूर. मोकळं मैदान. क्रिकेट खेळणारी मुलं.)

आपल्या शहरात हा वाद नवा नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र कसायच्या, मालकी ज्याची त्याच्याकडे राहील, असं ठरावात स्पष्ट होतं. तरी उत्तर प्रदेशातले काँग्रेस नेते चौधरी चरण सिंह यांनी त्याला भर अधिवेशनात विरोध केला. आधल्याच वर्षी चीनमध्ये लोककम्यून, म्हणजे सक्तीची सामूहिक शेती, सुरू झाले होते, त्यामुळे भीती हवेतली नव्हती. १९५९ मध्येच राजाजी, मिनू मसानी, प्राध्यापक रंगा यांनी 'स्वतंत्र' नावाचा पक्ष काढला. नागपूरचा ठराव कागदावर राहिला. चीनमध्ये पुढच्या तीन वर्षांत कोटीच्या वर माणसं भुकेने मेली. नागपुरात उभं राहून विरोध करता आला, तिथे करता आला नाही. विद्यार्थिनीचा मुद्दा हाच होता, आणि तो खरा आहे.

(दीक्षाभूमी. स्तूपाचा घुमट, पायऱ्यांवर बसलेलं कुटुंब.)

पण आजोबांचा मुद्दाही खरा आहे. त्याला शब्द दिले ते बाबासाहेबांनी. १९४७ साली त्यांनी संविधान सभेसाठी एक निवेदन लिहिलं. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या हाती असावी, आणि ही तरतूद खुद्द संविधानातच असावी, अशी त्यांची मागणी होती. राज्याने हस्तक्षेप करू नये म्हणजे स्वातंत्र्य राहील, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, कुणाचं स्वातंत्र्य? भाडं वाढवण्याचं जमीनदाराचं, तास वाढवून मजुरी कापण्याचं भांडवलदाराचं. राज्याच्या नियंत्रणापासून मुक्ती हे खासगी मालकाच्या हुकूमशाहीचंच दुसरं नाव आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं.

तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे, या भूमीवर, लाखो माणसांसह बुद्धाला शरण गेले, आणि पुढच्याच महिन्यात काठमांडूला जाऊन बुद्ध आणि मार्क्स यांच्याबद्दल बोलले. दारिद्र्य संपवायचं, हे दोघांनाही हवं. पण मार्क्सवाद्यांनी धरलेली हिंसेची आणि हुकूमशाहीची वाट त्यांना मान्य नव्हती. दोन्ही बाजूंच्या मालकाला त्यांनी मालकच म्हटलं. फळ्यावरच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. विदर्भात वाढलेल्या प्रत्येकाने ते निवेदन एकदा मुळातून वाचावं, असं मला कळकळीने वाटतं.

(अजनी. रेल्वे क्वार्टरांच्या रांगा, वाळत घातलेले कपडे, शंटिंगचा आवाज.)

काकांनी एकच आठवण सांगितली. मे १९७४. ८ तारखेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला, २७ ला मागे घेतला गेला. हजारो कामगार तुरुंगात गेले. क्वार्टरांतून कुटुंबांना बाहेर काढलं गेलं. पगार देणारं सरकार, घर देणारं सरकार, पकडायला येणारंही सरकारच. पुढच्या वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली.

पोलंडमध्ये ऑगस्ट १९८० ला ग्दान्स्कच्या गोदीत, तीही लेनिनच्या नावाची, कामगारांनी संप केला. मागणी होती स्वतःची संघटना असण्याची, तीही कामगारांचं म्हणवणाऱ्या राज्यात. पुढच्या वर्षी १३ डिसेंबरला लष्करी कायदा पुकारला गेला. अजनी आणि ग्दान्स्क यांच्यात हे साम्य आहे, ते नाकारून चालणार नाही. फरक इतका की इथे मार्च १९७७ मध्ये मतपेटीतून सरकार गेलं, आणि रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातून निवडून आले. पोलंडला पहिली, तीही अर्धीमुर्धी मोकळी निवडणूक बघायला १९८९ उजाडलं.

(हिवाळी अधिवेशन. मोर्चा. बॅरिकेड्स. घोषणा स्पष्ट ऐकू येतात.)

दर डिसेंबरात हे शहर असं दिसतं. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कोतवाल, संत्रा बागायतदार. कुणी गडचिरोलीहून, कुणी कोकणातून. विधानभवनाच्या दाराशी येऊन सरकारला नाव घेऊन जाब विचारायचा हा हक्क कुठल्याही एकपक्षीय राजवटीत नाही. तो बॅरिकेडपाशी थांबतो, हेही इथे दिसतंच.

(झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक. फुलं.)

२३ नोव्हेंबर १९९४. अशाच एका मोर्चात चेंगराचेंगरी झाली. गोवारी समाजाचे ११४ बांधव गेले. बायका आणि मुलंही त्यांत होती.

(पुन्हा जिनिंग. दुपार.)

२००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. आता विकायला मोकळीक आहे. तरी पेरणीला बियाणं आणि खत उधारीवर देणारा कृषी केंद्रवाला बऱ्याच गावांत कापूसही घेतो, आणि उधारी असलेल्या माणसाला दुसरीकडे जाता येत नाही. नाका उठला, गिऱ्हाईक पुन्हा एकच. नंतरच्या वर्षांत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर छापल्या गेल्या.

(खोली. खुर्च्या घड्या घालताहेत. फळा पुसलेला नाही.)

त्या रविवारी मतदान घेतलं नाही. शेतकरी चहा न घेताच निघाला. ट्रॉली भाड्याची होती आणि भाडं दिवसावर होतं. जाताना आजोबांना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो, भाव लागला तर."

(पहाट. रांग. ट्रॉलीवर बसलेला तोच माणूस, तोंडावर मफलर.)

सोमवार. त्याचा नंबर अकरावा.

(फाटक उघडल्याचा आवाज.)