कॉलेज आडवं येतं ते नेमकं कुठे?

(तालुक्याच्या गावी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

संयोजकांनी मला दिलेला विषय असा: कॉलेजचं नाव कुणाला फारसं ठाऊक नसेल, तर सीए (चार्टर्ड अकाउंटंट) किंवा सीएफए (गुंतवणुकीच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) यांसारख्या परीक्षांनी ती कसर भरून निघते का? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मागच्या बाकांची सुटका होईल. सीएने बरीचशी भरून निघते. सीएफएने अर्धीमुर्धी. म्युच्युअल फंड वगैरे विकायला लागणाऱ्या एनआयएसएमच्या सर्टिफिकेटांनी भरून निघत नाही. त्यांचं ते कामच नाही.

मुंबईच्या सिडनहॅममध्ये काही वेगळं डेबिट-क्रेडिट शिकवत नाहीत. तिथल्या मुलाला जास्तीचं मिळतं ते हे, की कंपन्या दारात येतात आणि मुलाखत घेणाऱ्यांत एखादा त्याच कॉलेजचा निघतो. तुमच्या कॉलेजात असं कुणी येत नाही. म्हणजे तुमची अडचण पहिली नोकरी मिळवताना आहे. तेव्हा कुठल्याही कोर्सला एकच प्रश्न विचारा: हा मला पहिलं काम मिळवून देतो का?

सीएचं बळ इथे आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली करायचं प्रत्यक्ष काम, त्या कोर्सच्या पोटातच आहे. 2023च्या नव्या योजनेपासून ती दोन वर्षांची झाली, पूर्वी तीन होती. पास झाल्यावर सीएची परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट स्वतः कॅम्पस प्लेसमेंट भरवते. शिवाय कंपनीच्या ऑडिटवर कायद्याने सीएचीच सही लागते, आणि 2021मध्ये यूजीसीने सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं. अशा माणसाला ‘बी.कॉम. कुठून?’ असं क्वचितच कुणी विचारतं. त्याऐवजी दोन प्रश्न येतात: किती अटेम्प्ट लागले आणि आर्टिकलशिप कुठल्या फर्ममध्ये केली. प्रतवारी सुटत नाही हो, फक्त तिचं माप बदलतं.

आर्टिकलशिप पुण्या-मुंबईतच हवी, असं मात्र समजू नका. मोठ्या फर्ममध्ये अख्खं वर्ष एकाच कंपनीच्या स्थावर मालमत्तेच्या याद्या तपासण्यात जाऊ शकतं. मी एका मुलाच्या मुलाखतीला बसलो होतो. त्याची आर्टिकलशिप तालुक्यातली. माझ्या सहकाऱ्याने विचारलं, ‘वर्किंग कॅपिटल म्हणजे काय?’ रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, ही व्याख्या सगळ्यांनाच पाठ असते. तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडचा साखर कारखाना सांगू का?’ आणि सुरू झाला. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. ऊस आला की 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, असा नियम. साखर मात्र वर्षभर विकायची, आणि कुठल्या महिन्यात किती, तो कोटा केंद्र सरकार ठरवतं. म्हणजे पैसे आधी जातात, येतात सावकाश. मग गोदामातली साखर बँकेकडे तारण टाकून कर्ज उचलायचं. बँक साखरेची पूर्ण किंमत धरत नाही, मार्जिन म्हणून काही भाग सोडून कर्ज देते. भाव पडला की तारणाचं मूल्य घटतं, उचल आखडते आणि शेतकऱ्यांची उसाची बिलं थकतात. व्याज मात्र चालूच. सगळं त्याने कागदावर महिन्यांच्या रकान्यांत मांडून दाखवलं. त्याच्या बायोडाटावरचं कॉलेज कुठल्या जिल्ह्यातलं, हे नंतर कुणी पाहिलंही नाही. हे ज्ञान कुठल्या क्लासमध्ये विकत मिळतं, सांगा!

आता सीएफए. अभ्यासक्रम उत्तम, तीन लेव्हल, परीक्षा जगभर एकच. म्हणूनच गुणवत्तेचा पुरावा म्हणून ती चालते: तुमच्या विद्यापीठाचे मार्क कसे मोजायचे हे दुबईतल्या माणसाला कळत नाही, सीएफएची लेव्हल कळते. पण फी डॉलरमध्ये, एका लेव्हलला लाखाच्या आसपास. आणि चार्टर, म्हणजे सीएफएचं अंतिम प्रमाणपत्र, हातात पडायला परीक्षांखेरीज 4000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, तोही किमान 36 महिन्यांत मिळवलेला. तो अनुभव द्यायची जबाबदारी सीएफए इन्स्टिट्यूटची नाही. म्हणजे ज्या दारासाठी तुम्ही परीक्षा देणार, त्या दारातून आधी आत जायला हवं. क्लासच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरातही नसतं. म्हणून माझं मत असं, की आधी नोकरी धरा, क्रेडिटची म्हणजे कर्जं तपासण्याची, फंड अकाउंटिंगची म्हणजे फंडांचे हिशेब ठेवण्याची, कसलीही. आणि लेव्हल पगारातून द्या. आईचे दागिने गहाण टाकून नको.

एनआयएसएम ही शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने उभी केलेली संस्था. म्युच्युअल फंड विकायचे तर तिची परीक्षा लागते: 100 प्रश्न, दोन तास, 50 टक्क्यांना पास. तो परवाना आहे. रिक्षावाल्याला बॅज लागतो, तसा. बॅज सगळ्यांकडेच असल्याने त्यावरून कुणी निवडत नाही. पण गावात राहून वितरक व्हायचं असेल, तर ती परीक्षा आणि नंतर ‘अ‍ॅम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणी, एवढं पुरतं; गिऱ्हाईक तुमचं कॉलेज विचारत नाही.

जिथे यातलं काहीच फारसं चालत नाही, तेही सांगतो. बड्या इन्व्हेस्टमेंट बँकांच्या डील करणाऱ्या, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे आणि भांडवल उभारणीचे व्यवहार जुळवणाऱ्या टेबलांवर नवी भरती मुख्यतः ठरावीक कॅम्पसवरून होते. तिथे सरळ धडकण्यात दोन वर्षं घालवू नका. तीन-चार वर्षं काम केल्यावर बाजूच्या दाराने जाणारे असतात, थोडे असतात, पण असतात.

एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: ‘सीए करायचं तर बी.कॉम.चे मार्क कशाला बघायचे?’ बाई गं, कॉमर्सच्या पदवीला 55 टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. परीक्षा तोंडावर आली आहे. त्या 55 टक्क्यांकडे आत्ता बघ.