दोरा ताणून बघा

(दृश्य: टेबलावर पृथ्वीगोल. दोन हातांत पांढरा दोरा.)

एक टोक टोकियोवर. दुसरं न्यूयॉर्कवर. आता ताणा. सैल होता तोवर दोरा प्रशांत महासागरावर लोळत होता. ताण बसला तसा तो वर सरकला आणि बघा, कुठे जाऊन थांबला... अलास्कावर!

या दोन शहरांमधलं सगळ्यात जवळचं अंतर हेच. सुमारे १०,८५० किलोमीटर. विमानं याच दोऱ्याच्या आसपासनं जातात.

(दृश्य: भिंतीवरचा नकाशा, त्यावर पट्टी.)

सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ थेट महासागरातून आडवी जाते. दिसायला सरळ, पण या वाटेनं गेलं तर साधारण दोन हजार किलोमीटर जास्त पडतात. मर्केटरनं १५६९ मध्ये हा नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट कागदावर सरळ दिसावी, एवढं या नकाशाचं काम होतं. ते झालं. पण त्यासाठी ध्रुवांकडची जमीन ताणावी लागली. ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचं दिसू लागलं. खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. असा नकाशा भिंतीवर राहतो आणि पृथ्वीगोल कपाटात जातो. गोल बाहेर काढा. मुलांच्या हातात द्या.

वैमानिकाचं मापही गोलावरूनच आलंय. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

(दृश्य: विमानाचं चाक, अगदी जवळून.)

आता वेळ. चाकाला लावलेले हे ठोकळे बघा. ते निघाले आणि विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू. पलीकडच्या विमानतळावर विमान जागेवर उभं राहिलं, की बंद. तिकिटावरच्या वेळेत म्हणूनच धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते.

(दृश्य: खिडकीतून ढग.)

वर गेल्यावर हिशेब वाऱ्याच्या हातात. न्यूयॉर्कहून लंडनला जाताना साधारण सात तास, येताना आठ. अंतर तेच, पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा झोत वाहतो. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी हवेत फुगे सोडून तो मोजला. अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, त्यामुळे फार थोड्यांपर्यंत पोचला. ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री हाच झोत पाठीशी घेऊन न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं.

२०२२ मध्ये रशियाचं आकाश अनेक देशांच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला. इंधन वाढलं, खर्चही.

(दृश्य: पुन्हा पृथ्वीगोल. एका मुलीचे हात.)

आता दोरा तिच्याकडे आहे. एक टोक सिंगापूरवर दाबून धरलंय, दुसरं न्यूयॉर्कच्या दिशेनं. १५,३०० किलोमीटरच्या वर. दोरा पुरत नाहीये... ती गोल फिरवून दुसऱ्या बाजूनं बघतेय.