पोरांच्या छातीचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आजचा विषय घरात कुणी काढत नाही, वयात येणाऱ्या मुलांची छाती मुलींसारखी वाढते त्याचा. डॉक्टर त्याला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना निम्म्या-अधिक मुलांना थोडंफार होतंच आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. परत सांगतो, बहुतेकांचं आपोआप जातं.

माझ्याकडे एक पोरगा आला होता, ऐन मे महिन्यात अंगात जाकीट. सोबत मामा, आणि बोलतोय फक्त मामाच, की सर हा १६०० मीटर असा पळतो की बघत राहावं, पण पोलीस भरतीत उंची-छाती मोजायच्या लाइनीतूनच माघारी आला. का? तर तिथं शर्ट काढायला लागतो. ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, ते याचं आरामात भरत होतं, अडचण टेपची नव्हतीच. मामाला म्हटलं जरा चहा घेऊन या, आणि तो बाहेर गेल्यावर पोरगं बोललं. छाती मुळात थोडी होती, ती जावी म्हणून जिम लावली, तिथल्या ट्रेनरने स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली आणि उलट वाढली. वाढणारच की! स्टेरॉइडमधल्या हार्मोनचं शरीर इस्ट्रोजेन करतं, म्हणजे बायकांची छाती वाढवणारं हार्मोन. इंजेक्शनं बंद केली, रक्त तपासलं, लिव्हर-थायरॉइड ठीक. पण निप्पलखाली सुपारीएवढी टणक गाठ लागत होती, दोन वर्षं जुनी, ती व्यायामाने जाणार नव्हती. मग ऑपरेशन. आजूबाजूची चरबी नळीने ओढली, गाठ काळ्या भागाच्या कडेने काढली, पुढे काही आठवडे घट्ट बनियन. पुढच्या भरतीला शर्ट काढून उभा राहिला, ग्राउंड निघालं, आणि लेखीत नापास झाला! मामा माझ्यावरच चिडला.

आता औषधांचं पटकन सांगतो. दुखतंय, नुकतंच सुरू झालंय, तर कधी कधी टॅमॉक्सिफेन, म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी, देतात, पण ते डॉक्टरने, मेडिकलवाल्याने नाही. जुनी गाठ गोळीने सहसा विरघळत नाही. नुसती चरबी असेल तर वजन कमी करून फरक पडतो. काही गोळ्यांनीही छाती वाढते, म्हणून चालू असलेली सगळी पाकिटं दाखवायला न्या, मनाने बंद करू नका. ऑपरेशनमध्ये रक्त साकळणं, खड्डा पडणं, बधिरपणा असे धोके आहेत, ते आधी विचारून घ्या. विम्यात हे बऱ्याचदा कॉस्मेटिक म्हणून बसत नाही, तेही आधीच विचारा.

आणि एकाच बाजूला कडक गाठ, निप्पलमधून रक्त, किंवा अंडकोषात गाठ लागली तर वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात सर्जनकडे. परत सांगतो, त्याच आठवड्यात.