कोपनहिलवरचं घर

[कार्टर सेंटरची हिरवळ, तळं, मागे अटलांटाच्या उंच इमारती]

अटलांटा शहराच्या मध्यभागापासून थोडं पूर्वेला ही टेकडी, कोपनहिल. आज इथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. लोक येतात ते त्यांचं नोबेल पदक बघायला. १८६४ साली मात्र इथे एक घर होतं. ऑगस्टस हर्ट यांनी बांधलेलं. टॉमस हॉवर्ड त्यात राहत, म्हणून सैन्यात त्याचं नाव पडलं हॉवर्ड हाऊस.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची ती शेवटची वर्षं. उत्तरेचे सेनापती विल्यम शर्मन यांनी अटलांटाला वेढा घालायला याच घरात ठाणं मांडलं होतं.

[मॅकफर्सन यांचं जुनं छायाचित्र]

२२ जुलैला सकाळी जनरल जेम्स मॅकफर्सन इथे आले. शर्मन यांच्या हाताखालच्या टेनेसी सेनेचे प्रमुख, वय अवघं ३५. घराच्या पायऱ्यांवर बसून ते आणि शर्मन बोलत होते. विषय होता शत्रूचा सेनापती जॉन हूड. हूडचा स्वभाव मॅकफर्सन चांगला ओळखून होते, कारण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दोघं एकाच वर्गात शिकलेले. नंतर ही मंडळी जवळच्या झाडाखाली नकाशा पसरून बसली. तेवढ्यात भलत्याच दिशेने, डावीकडून मागच्या बाजूने, तोफांचा आवाज आला. मॅकफर्सननी कागद पाकिटात घातले, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि घोडा मागवला.

[पूर्व अटलांटातलं स्मारक: उभी रोवलेली तोफ]

त्यांच्या दोन तुकड्यांमधल्या जंगलात खिंडार पडलं होतं. मॅकफर्सन तिथे शिरले आणि थेट दक्षिणेच्या सैनिकांपुढे आले. थांबण्याचा हुकूम झाला. त्यांनी टोपी उंचावली, घोडा वळवला. गोळी लागली. ते जिथे पडले तिथे हे स्मारक आहे. आज भोवती साधी वस्ती आहे, घरांच्या ओळीत उभी ही तोफ. एवढी खूण तरी इथे राखली, हे चांगलंच झालं.

[रुग्णगाडीचं जुनं चित्र, संथ]

हॉवर्ड हाऊसला आधी बातमी आली, मग रुग्णगाडी. शर्मननी देह आत घ्यायला सांगितला. ठेवायला जागा? घराचं एक दार बिजागऱ्यांतून उपटलं आणि त्यावर देह ठेवला. अंगावर सकाळचेच कपडे, हातमोजे, बूट. पाकीट मात्र नव्हतं. त्यात शर्मननी सकाळीच पाठवलेलं पत्र होतं, म्हणून ते फार अस्वस्थ झाले. पाकीट पुढे दक्षिणेच्या एका युद्धकैद्याच्या पिशवीत सापडलं. डॉक्टर हेविट यांनी कोट, सदरा उघडून जखम पाहिली. ते म्हणाले, गोळी लागल्यावर काही क्षणांतच प्राण गेला असणार.

बाहेर लढाई चालूच होती. घरावर गोळे आदळत होते. घर पेटेल, अशी शर्मनना धास्ती वाटली. त्यांनी देह तातडीने मॅरिएटाला हलवला. तिथून ओहायोतल्या क्लाइड गावी. आईच्या घराजवळच, लहानपणी ते जिथे खेळत त्या बागेचा काही भाग दफनभूमीत गेला होता. त्याच दफनभूमीत त्यांचं दफन झालं.

[एमिली हॉफमन यांचं छायाचित्र]

बाल्टिमोरच्या एमिली हॉफमन यांच्याशी त्यांचं लग्न ठरलं होतं. युद्धामुळे त्या वर्षी लग्नासाठी रजा मिळाली नव्हती. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं.

[महामार्गाचे नकाशे, फ्रीडम पार्कवे]

घर आता नाही. नंतर या टेकडीवर दुसरी वस्ती झाली. विसाव्या शतकात महामार्गासाठी तीही मोठ्या प्रमाणात पाडली गेली. रहिवाशांनी कडवा विरोध केला आणि ठरलेला महामार्ग झालाच नाही. १९८६ मध्ये मोकळ्या जागेवर कार्टर सेंटर उघडलं. त्या रहिवाशांचा लढा शहराने लक्षात ठेवायला हवा, कारण त्यांनीच ही टेकडी वाचवली.

[अटलांटा हिस्टरी सेंटर: सायक्लोरामा, कॅमेरा हळूहळू वळतो]

ही लढाई १८८६ साली एका प्रचंड वर्तुळाकार चित्रात उतरली. चित्रकारांनी त्याआधी अटलांटात उंच मचाण बांधून जमीन न्याहाळली होती. चित्रात पुढे दिसतं ते लाल विटांचं घर ट्रूप हर्ट यांचं. बहुतेक प्रेक्षक त्याच्यापुढेच थबकतात. हॉवर्ड हाऊस पाहायचं असेल तर नजर त्या घराच्या पलीकडे, लांबच्या टेकडीकडे न्या. घोड्यावर बसलेले शर्मनही तिथेच दिसतील.