दोन जुळ्या रायफली, दोन वेगळी काडतुसं

या दोन रायफली नीट पाहा. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा), नळीचं तेच बोथट नाक. डावीकडची आपल्या ओळखीची थ्री नॉट थ्री. उजवीकडची अगदी तशीच दिसते, पण तिच्यात थ्री नॉट थ्रीचं काडतूस घालायचं नाही. आता मॅगझिन बघा. डावीकडे दहा गोळ्यांचं, उजवीकडे बारा गोळ्यांचं, जास्त चौकोनी.

उजवीकडची आहे इछापूर 2ए1. चीनशी 1962 साली युद्ध झालं, त्यानंतर ती पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्यात तयार झाली. सैन्यात एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, येत होती, तिचं काडतूस 7.62 बाय 51 मिलिमीटरचं. तेच काडतूस जुन्या साच्याच्या रायफलीतून उडवायचं, तर पोलाद जास्त मजबूत हवं होतं. ते बदललं.

थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांडीला, बुडाशी बाहेर आलेली कड असते. काडतूस त्या कडेवर अडून बसतं. 7.62 ला अशी कड नाही, ते पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे ती जिथे निमुळती होते तिथे, अडून बसतं. आणि नुसतं ‘7.62’ ऐकून तर मुळीच विसंबू नका. एके-47 चं काडतूसही 7.62 चंच, पण त्याची पुंगळी 39 मिलिमीटरची. पहिला आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, पुंगळीची लांबी कळते ती दुसऱ्या आकड्यावरून.

जुनी रायफल चांगली की वाईट, हे वार्निशवरून ठरवू नये. मी आधी नंबर बघतो. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे ना? दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला असेल, तर बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर बिघडलेलं असू शकतं. ते वाढलं की पुंगळी फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. हे अंतर डोळ्यांना दिसत नाही. आर्मररनं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यानं, गेज (मोजमापाचं साधन) लावूनच मोजायचं. मग नळीचं तोंड. वर्षानुवर्षं पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची, दोरी तिरकी ओढली, की तिथल्या गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा झिजतात. आतून लख्ख दिसणारी नळीही मग नेम चुकवते.

आता काडतुसांची बुडं. या थ्री नॉट थ्रीवर ‘केएफ’, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा, 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना. आणि या 7.62 वर ‘ओएफव्ही’, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव.