तारेवरून उडी घेतलेला पोरगा

मंडळी, आमच्या गावात एक तात्या होते. मराठा पॅरा बटालियनमध्ये शिपाई होते, १९५३ साली कोरियाला जाऊन आले. लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेलं मोठेपणी पुस्तकांशी ताडून पाहिलं, आणि मला कळलं की आपण ही आठवण फार स्वस्तात घालवून बसलोय.

उत्तर आणि दक्षिण कोरियातलं युद्ध २७ जुलै १९५३ ला युद्धबंदीनं थांबलं. चीन उत्तरेच्या बाजूनं लढला होता. घरी परत जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी दक्षिणेकडे होते. त्यांचं काय करायचं हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या वडगावचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीवर पडू देणार नाही असं बजावलं. म्हणून इंचॉनच्या बंदरातून आपल्या पोरांना हेलिकॉप्टरनं थेट दोन्ही कोरियांमधल्या चार किलोमीटर रुंदीच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. छावणीला नाव दिलं हिंदनगर. तात्या म्हणायचे, "एसटीत नीट बसलो नव्हतो, आणि हेलिकॉप्टरात बसलो!"

थोरातांचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. २५ सप्टेंबरला चिनी कैद्यांनी आपल्या फौजेतल्या मेजर ग्रेवालना आवारात ओढून नेलं. थोरात मोजकी माणसं घेऊन त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि पाहुण्याला चहा-सिगारेट विचारायचीही तुमच्याकडे रीत नाही का, असं त्यांनाच विचारलं म्हणे. जमाव हसला, चहा आला, ग्रेवाल सुटले. या धैर्याबद्दल थोरातांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, मिळालं.

पण माझ्या मनात घर करून आहे ते वेगळंच. अनेक चिनी कैद्यांच्या दंडांवर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. काहींनी स्वखुशीनं गोंदवून घेतल्या होत्या, काहींवर जबरदस्ती झाली होती. आपल्याकडे गोंदण म्हणजे देवाचं नाव, नवऱ्याचं नाव, तुळशीवृंदावन. तिथं ते माणसाला घरी परतायची वाट बंद करणारं कुलूप होतं. असा दंड घेऊन कोण परत जाईल?

मायदेशाचे प्रतिनिधी कैद्यांना परत येण्याबद्दल एका तंबूत समजावत. त्या समजावणीच्या तंबूला दोन दारं असायची. एका दारानं मायदेशी, दुसऱ्यानं परत छावणीत. नव्वद दिवस, २३ डिसेंबरपर्यंत. पण आवारात कैद्यांमधल्याच कम्युनिस्टविरोधी म्होरक्यांचा पहारा असा कडक की परत जायचं म्हणणारा तंबूपर्यंत पोचेलच याची खात्री नसे. म्हणून काही जण रात्री काटेरी तार ओलांडून आपल्या संत्रीकडे धावत येत.

असाच एक पोरगा तात्यांच्या पायाशी येऊन पडला. तळहात फाटलेले, अंगावर थंडीचा काटा. भाषा कळत नव्हती. त्यानं तात्यांच्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचना. वरिष्ठ येईपर्यंत तात्या तसेच उभे राहिले. सांगताना ते नेहमी आपली डावी बाही चिमटीत धरून दाखवायचे.

पुढं बहुतेक कैदी जानेवारीत दक्षिणेला सोपवले गेले. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि आपल्या फौजेबरोबर ते भारतात आले. तो पोरगा कुठं गेला, हे तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही एवढं वाचता. त्याचं कुठं काही लिहिलेलं सापडलं का?"